हल्कने डोंगर उचलला की नुसता पेलून धरला?

सुपरहिरोंच्या ताकदीवरून चाललेल्या भांडणांची इतकी पत्रं या खेपेला आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलून सगळी पानं त्यांनाच दिली आहेत. पत्रं छाटली आहेत, आणि एकमेकांना बहाल केलेली विशेषणं गाळली आहेत.

प्रश्न : सुपरमॅन नक्की किती वजन उचलतो? एक मित्र म्हणतो पृथ्वी, दुसरा म्हणतो फार तर आगगाडीचं इंजिन. दोघांकडे पुरावा म्हणून पानं आहेत.

उत्तर : दोघांचीही पानं खरी असणार, कारण ती दोन वेगळ्या सुपरमॅनची आहेत. १९३८ च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकातला सुपरमॅन उडत नव्हता. पहिल्याच पानावर त्याची मापं दिली आहेत: मैलाचा आठवा हिस्सा उडी, वीस मजली इमारत ओलांडणं, एक्स्प्रेस गाडीपेक्षा वेगाने धावणं, आणि फुटत्या तोफगोळ्यापेक्षा कमी कशानेही न फाटणारी कातडी. तोफगोळ्याने ती फाटेल, हे त्यातच आलं. पुढच्या दशकांत लेखक ताकद वाढवत गेले, ती अख्खे ग्रह हलवण्यापर्यंत पोचली, आणि १९८६ मध्ये ‘द मॅन ऑफ स्टील’ या मालिकेत जॉन बर्न यांनी ती मुद्दाम खाली आणली.

मोठे आकडे त्यानंतरचे आहेत. २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘ऑल-स्टार सुपरमॅन’मध्ये प्रयोगशाळेतल्या चाचणीत तो दोनशे क्विंटिलियन टन पेलतो. दोनावर वीस शून्यं. पृथ्वीच्या वस्तुमानाचा साधारण तिसावा हिस्सा झाला हा. पण त्या कथेत त्याच्या पेशींमध्ये सूर्याची ऊर्जा मर्यादेबाहेर भरली गेली आहे आणि त्यानेच तो मरणार आहे. कथा उभीच त्यावर आहे. ते पान दाखवणारा हे सहसा सांगत नाही. २०१२ च्या ‘सुपरमॅन’ अंक १३ मध्ये तर तो पृथ्वीइतकं वजन सलग पाच दिवस छातीवरून ढकलताना दिसतो.

तेव्हा वादाला बसताना आधी कागदावर लिहा: कोणत्या काळातला, कोणत्या मालिकेतला. तुमचे दोन मित्र १९३८ आणि २०१२ या दोन माणसांबद्दल भांडत आहेत.

प्रश्न : मैलाचा आठवा हिस्सा ही उडी उभी धरायची की आडवी? आमच्या गटात यावरून दोन तट आहेत.

उत्तर : मिनेसोटा विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जेम्स काकालियोस यांनी ती उभी धरली. त्यांचं ‘द फिजिक्स ऑफ सुपरहिरोज’ २००५ मध्ये आलं. ६६० फूट, म्हणजे २०१ मीटर सरळ वर जायचं तर जमीन सोडताना वेग ताशी सुमारे २२५ किलोमीटर लागतो. तिथून मागे जात त्यांनी सुपरमॅनच्या जन्मग्रहाचं, क्रिप्टॉनचं, गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या १५ पट काढलं. शिकवायला ते गणित झकास आहे.

आमचं मत मात्र आडव्याच्या बाजूने, आणि त्याला कारण त्याच पानावर आहे. वीस मजले, मजल्याला ३ मीटर, म्हणजे ६० मीटर उंची. आता २०१ मीटर लांबीची उडी सुमारे ५० अंशांच्या कोनात मारा: सर्वात उंच बिंदू बरोबर ६० मीटरच्या आसपास येतो. लागणारा वेग ताशी १६० किलोमीटर. एकाच उडीत दोन्ही मापं बसतात. उडी उभी धरली तर जो २०१ मीटर वर जातो त्याच्या बाबतीत ६० मीटरची इमारत वेगळी सांगायचं कारणच उरत नाही. फरक किरकोळ नाही. आडवी धरली की लागणारी ऊर्जा निम्मी होते, आणि तुमच्या गटातलं पुढचं सगळं गणितही निम्म्यावर येतं.

प्रश्न : चित्रावरून ताकदीचा आकडा काढतात तो कसा? समजा नायक ठोसा मारून एक मोठा खडक फोडतो.

उत्तर : पायऱ्या पाचच आहेत, चुका मात्र प्रत्येक पायरीवर होतात.

आधी मोजपट्टी. नायकाची अधिकृत उंची घ्या. बॅटमॅन १८८ सेंटिमीटर आहे. पॅनेलमध्ये (कॉमिकच्या एका चौकटीत) तो सरळ उभा असेल आणि ४७ मिलिमीटर भरत असेल, तर चित्रातला १ मिलिमीटर म्हणजे ४ सेंटिमीटर. वाकलेला असेल तर उंची मोजू नका, डोकं मोजा. कॉमिकमधला नायक बहुधा आठ डोक्यांइतका उंच काढतात, म्हणजे डोकं साडेतेवीस सेंटिमीटर. (चेहऱ्याच्या क्लोजअपवरून मोजणारेही आहेत. त्यांना सांगून उपयोग नसतो.)

मग वस्तू. खडक चित्रात ७५ मिलिमीटर भरला तर त्याचा व्यास ३ मीटर. हे खरं तेव्हाच, जेव्हा खडक आणि नायक डोळ्यापासून सारख्याच अंतरावर आहेत. खडक पुढे असेल तर तो फुगलेला दिसणार. पाय कुठे टेकले आहेत, खडकाची सावली कुठे पडली आहे, हे बघून ठरवा. ठरत नसेल तर ते पॅनेल सोडून द्या.

तिसरी पायरी घनफळ. ३ मीटर व्यासाचा गोल म्हणजे १४.१ घनमीटर, म्हणजेच १ कोटी ४१ लाख घनसेंटिमीटर. इथे लक्षात ठेवा: व्यास ३ ऐवजी ४ मीटर धरला की घनफळ २.३७ पट होतं. पट्टी थोडी सरकली की आकडा दुपटीच्या वर जातो.

चौथी पायरी खडकाचं काय झालं ती, आणि खरी मेख इथे आहे. चाहत्यांच्या हिशेबात खडकाला तडे जाऊन मोठे तुकडे झाले तर घनसेंटिमीटरला ८ जूल धरतात, बारीक तुकडे उडाले तर ६९, पीठ झालं तर २१४, आणि वाफ झाली तर २५,७००. आपल्या खडकासाठी हे टीएनटी या स्फोटकाच्या वजनात असं येतं: तुकड्यांना २७ किलो, बारीक तुकड्यांना २३३ किलो, पिठाला ७२३ किलो, वाफेला ८७ टन. खडक तोच, ठोसाही तोच. चित्रकाराने मागे पांढरा धूर काढला म्हणून कुणी ‘वाफ झाली’ म्हणतो आणि आकडा तुकड्यांच्या तीन हजार पटींवर जातो. पुढच्या पॅनेलमध्ये जमिनीवर दगडगोटे दिसत असतील तर वाफ झालेली नाही. पुढचं पॅनेल न बघता आकडा मांडणाऱ्याचं गणित आम्ही वाचतही नाही.

पाचवी पायरी: उत्तर एका आकड्यात देऊ नका. ‘२७ ते २३३ किलो’ असं लिहा. समोरच्याला ते मिळमिळीत वाटेल, पण चित्र तेवढंच सांगतं.

प्रश्न : हल्कने १५० अब्ज टनांचा डोंगर उचलला हे खरं ना? मग मार्वलच्या हँडबुकमध्ये (पात्रांच्या अधिकृत सूचीत) त्याला ‘१०० टनांवर’ एवढंच का लिहिलंय?

उत्तर : अंक ‘सीक्रेट वॉर्स’चा चौथा, साल १९८४. आकडा मुखपृष्ठावरच छापलेला आहे, त्यामुळे तो चाहत्यांनी रचलेला नाही. पण ‘उचलला’ हा शब्द बरोबर नाही. मोलेक्यूल मॅन हा खलनायक नायकांच्या अंगावर डोंगररांग टाकतो, आणि हल्क खालून ती थोपवून धरतो. वर नेत नाही. भिंत अंगावर येऊ नये म्हणून पाठ लावून उभं राहणं आणि भिंत डोक्यावर घेऊन चालणं, यांत जेवढा फरक तेवढा इथे आहे.

आता आकडा तपासू. खडकाची घनता घनमीटरला २.७ टन धरली तर १५० अब्ज टन म्हणजे सुमारे ५६ घनकिलोमीटर. चौकोनी ठोकळा केला तर प्रत्येक बाजू ३.८ किलोमीटर. डोंगररांगेला हे माप शोभतं. लेखकाने अगदीच हवेत आकडा सोडलेला नाही. घोळ पुढे आहे. हल्कचे दोन तळहात मिळून फार तर ०.१ चौरस मीटर. अख्खं वजन त्यावर आलं तर तिथला दाब पृथ्वीच्या केंद्रातल्या दाबाच्या ४० हजार पट होतो. ग्रॅनाइट त्याच्या सात कोटीव्या हिश्शालाच चुरा होतो. हल्क कितीही ताकदवान असू दे, खडक तेवढा ताकदवान नाही. हात आरपार घुसतील आणि डोंगर बाजूने खाली येईल. पायाखालची जमीनही तशीच जाईल.

मग चित्र खोटं का? तसं मानायची गरज नाही. बोगद्याच्या छताचं बघा: वरच्या डोंगराचं बहुतेक वजन कमानीसारखं बाजूच्या जमिनीवर उतरतं, छताच्या वाट्याला थोडाच भाग येतो. डोंगर पडला, चारी बाजूंनी जमिनीवर टेकला, मध्ये पोकळी राहिली आणि त्या पोकळीचं छत हल्कने धरलं, असं वाचलं तर पान खोटं ठरत नाही आणि आकडा मात्र कितीतरी खाली येतो. काही चाहते स्पर्शाने वस्तू सांधून ठेवणाऱ्या अदृश्य शक्तीचा दाखला देतात. तशी शक्ती १९९३ मध्ये आलेल्या सुपरबॉयला दिली आहे, हे खरं. ती हल्कला उसनी देता येत नाही. प्रकाशकही वेगळा आहे: हल्क मार्वलचा, सुपरबॉय डीसीचा.

हँडबुकचं मोजमापच निराळं. १९८३ पासून निघालेल्या त्या सूचीत ताकद म्हणजे दोन्ही हात सरळ करून डोक्यावर नेता येईल ते वजन. ‘१०० टनांवर’ हा शेवटचा गट, त्यानंतर मोजायचं सोडून दिलं आहे. तो तळाचा आकडा आहे, कमाल नव्हे. थोर आणि हल्क दोघेही त्या गटात आहेत म्हणून ते बरोबरीचे, असं त्यातून निघत नाही.

आणखी एक तपशील विसरला जातो. त्या अंकात हल्कच्या डोक्यात बॅनरचं (ज्याचा हल्क होतो त्या शास्त्रज्ञाचं) मन जागं आहे, आणि त्याचा साथीदार रीड रिचर्ड्‌सला त्याला टोचून बोलून चिडवत ठेवावं लागतं. थंड डोक्याचा हल्क डोंगर पेलू शकला नसता, असं कथाच सांगते. म्हणून लढतीत हल्क धरायचा तर सुरुवातीला तो किती चिडलेला आहे हे ठरवा, आणि लढत किती मिनिटांची तेही. ‘राग अमर्याद, म्हणून ताकद अमर्याद’ हा युक्तिवाद चालत नाही. राग चढायला वेळ लागतो, आणि पहिल्याच सेकंदाला बेशुद्ध पडलेला हल्क चिडत नाही.

प्रश्न : स्पायडरमॅनने फायरलॉर्डला हरवलं. फायरलॉर्ड ग्रह गिळणाऱ्या गॅलक्टसचा दूत होता, सिल्व्हर सर्फरच्या तोडीचा. म्हणजे स्पायडरमॅन सर्फरच्या पातळीवर आला की नाही?

उत्तर : नाही. ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ अंक २६९ आणि २७०, १९८५. चाहत्यांच्या बोलीत ज्याला आउटलायर (एरवीच्या पातळीत न बसणारा अपवाद) म्हणतात त्याचा हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात चावून चोथा झालेला नमुना. हँडबुकप्रमाणे स्पायडरमॅन १० टन डोक्यावर नेतो. त्याच्या बहुतेक मारामाऱ्यांत तो याच्या आसपास दिसतो: मोटार अडवतो, दार उखडतो, गेंड्यासारख्या अंगाच्या खलनायकाशी झुंजताना दमतो. १९६६ च्या ३३व्या अंकात यंत्राच्या ढिगाखालून निघायला त्याला पानंच्या पानं लागली, आणि ते पान इतकं गाजलं ते त्याला जड गेलं म्हणूनच.

आमची पद्धत अशी. एका पात्राचे त्याच काळातले किमान दहा पराक्रम काढा, लहानापासून मोठ्यापर्यंत लावा, वरचा एक आणि खालचा एक गाळा. उरलेल्यांत जे वारंवार दिसतं ती त्याची पातळी. वरचा गाळायला सगळे विरोध करतात, खालचा गाळायला कुणी करत नाही, यावरून कोण चाहता आणि कोण परीक्षक ते कळतं. फायरलॉर्डवरचा विजय त्या यादीत पुन्हा कुठे दिसत नाही, म्हणून तो गळतो.

जाता जाता: हँडबुकवर डोळे मिटून विसंबूही नका. त्यात कॅप्टन अमेरिकेला ‘माणसाची कमाल’ म्हणून ८०० पौंड, म्हणजे ३६३ किलो डोक्यावर नेता येतात असं आहे. वेटलिफ्टिंगमधला क्लीन अँड जर्कचा लाशा तलाखाद्झेचा २०२१ चा विक्रम २६७ किलोचा आहे. कमाल माणूस प्रत्यक्षातल्या सर्वात बळकट माणसापेक्षा जवळजवळ शंभर किलो पुढे. तेव्हा ‘तो तर साधा माणूस आहे’ हे वाक्य कॅप्टनबद्दल वापरू नये.

प्रश्न : लेझर चुकवणारा प्रत्येक नायक प्रकाशापेक्षा वेगवान मानायचा का?

उत्तर : आधी बघा, त्याने किरण चुकवला की नेम चुकवला. १० मीटरवरून लेझर सुटला तर पोचायला सेकंदाचा तीन कोटीवा हिस्सा लागतो. तेवढ्या वेळात नायक अर्धा मीटर सरकला असेल तर त्याचा वेग प्रकाशाच्या ५ टक्के झाला. प्रकाशापेक्षा जास्त तरीही नाहीच. आणि बहुतेक पॅनेलमध्ये तो चाप ओढण्याआधीच हललेला असतो. बंदूकवाल्याचा खांदा, डोळा, बोट बघून हलायचं तर पाव सेकंद मिळतो. तो चपळपणा माणसाच्या आवाक्याबाहेर फारसा नाही. किरण हवेत असताना नायक अजून जुन्याच जागी आहे, असं एक तरी पॅनेल दाखवता आलं पाहिजे. नाही आलं तर दावा मागे घ्या.

प्रश्न : फ्लॅश प्रकाशाच्या १३ लाख कोटी पट वेगाने धावला असं सगळीकडे लिहिलेलं असतं. हा आकडा आला कुठून?

उत्तर : ‘जेएलए’ (डीसीच्या नायकांच्या चमूची मालिका) अंक ८९. उत्तर कोरियातल्या चाँगजिन शहरावर अणुस्फोट होतो आणि वॅली वेस्ट (त्या काळचा फ्लॅश) पाच लाख माणसांना ३५ मैलांवरच्या टेकडीवर नेऊन ठेवतो, एका वेळी एक, कधी दोन. निवेदनात ०.००००१ मायक्रोसेकंद असा वेळ आहे.

हिशेब करून बघा. जाऊन-येऊन ७० मैल, म्हणजे ११२.६ किलोमीटर. पाच लाख फेऱ्यांचे ५ कोटी ६३ लाख किलोमीटर. ते त्या वेळात उरकायचे तर वेग प्रकाशाच्या १९ लाख कोटी पट येतो; कधी कधी दोन माणसं नेली म्हणून फेऱ्या एक तृतीयांशाने कमी केल्या की १३ लाख कोटी. गुणाकार बरोबर आहे.

पण त्याच पानावर निवेदक असंही म्हणतो, की तो प्रकाशाच्या वेगाच्या केसभर अलीकडे धावत होता. त्या वेगाने हेच अंतर कापायला ३ मिनिटं ८ सेकंद लागतात. वेळ, अंतर आणि वेग या तीन गोष्टी लेखकाने दिल्या आणि तिन्ही एकत्र बसत नाहीत. अशा वेळी चाहते वेग फेकून देतात आणि वेळ ठेवतात, कारण त्यातून मोठा आकडा निघतो. आम्ही उलट करतो. शब्दांत स्पष्ट सांगितलेला वेग ठेवतो, कारण ‘०.००००१ मायक्रोसेकंद’ हा ‘डोळ्याचं पातं लवायच्या आत’ याचा विज्ञानकथेतला अवतार आहे, घड्याळ लावून काढलेला नाही. फ्लॅशने इतर अंकांत प्रकाशाचा वेग ओलांडलेला आहे, तो वाद वेगळा. त्यासाठी हे पान वापरू नका.

प्रश्न : तयारीला वेळ मिळाला तर बॅटमॅन सुपरमॅनला हरवतो, हे १९८६ मध्येच सिद्ध झालंय. मग अजून वाद का?

उत्तर : ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ पुन्हा वाचा. लढतीआधी सुपरमॅन अणुस्फोटात सापडून पार खंगलेला आहे. बॅटमॅनच्या अंगात खास चिलखत आहे, आणि निर्णायक घाव कृत्रिम क्रिप्टोनाइटच्या (सुपरमॅनला विषासारख्या असलेल्या खनिजाच्या) बाणाचा आहे, जो ग्रीन अ‍ॅरो मारतो. दोन माणसं, एक अणुबॉम्ब आणि एक विष मिळून जे झालं ते एका माणसाच्या खात्यावर टाकता येत नाही. शिवाय कथा भविष्यातली आहे, मुख्य मालिकेबाहेरची.

‘प्रेप टाइम’ ही सवलत द्यायची असेल तर तीन गोष्टी आधी बांधून घ्या: किती दिवस, समोरच्याबद्दल काय काय ठाऊक आहे, आणि कोणत्या वस्तू मिळवता येतील. आणि समोरच्यालाही तेवढाच वेळ द्या. चोवीस तास मिळालेला सुपरमॅन काय करेल याचा विचार बॅटमॅनच्या बाजूने बोलणारा कधीच करत नाही.

प्रश्न : अ ने ब ला हरवलं, ब ने क ला, म्हणून अ हा क ला हरवणार. यात चूक कुठे आहे?

उत्तर : विजय कशामुळे झाला ते मध्ये गळून पडतं. ‘डीसी विरुद्ध मार्वल’ ही १९९६ ची मालिका घ्या. अकरा लढती झाल्या, त्यातल्या पाच मुख्य लढतींचा निकाल वाचकांच्या मतांवर लागला. सुपरमॅनने हल्कला, बॅटमॅनने कॅप्टन अमेरिकेला, स्पायडरमॅनने सुपरबॉयला, स्टॉर्मने वंडर वुमनला आणि वुल्व्हरिनने लोबोला हरवलं. शेवटचे दोन निकाल वाचून आजही लोक डोकं धरतात. वुल्व्हरिन तेव्हा लोकप्रियतेच्या शिखरावर होता, एवढंच ते मतदान सांगतं. त्यावरून साखळी जोडत गेलात तर वुल्व्हरिन निम्म्या डीसीच्या वर जाऊन बसेल.

१९७६ च्या पहिल्या मोठ्या संयुक्त अंकात स्पायडरमॅन सुपरमॅनला ठोसा मारून उडवतो. कारण सुपरमॅनचा वैरी लूथर याने त्याला लाल सूर्याच्या किरणोत्साराची ताकद दिलेली असते. ती ओसरल्यावर तो मारत राहतो आणि स्वतःचेच हात दुखवून घेतो. साखळीतली प्रत्येक कडी अशी उघडून बघावी लागते, आणि तेवढं करायचं तर साखळीची गरजच राहत नाही.

प्रश्न : वुल्व्हरिन रक्ताच्या एका थेंबापासून परत उभा राहतो ना?

उत्तर : ‘अनकॅनी एक्स-मेन’चा ११वा वार्षिक अंक, १९८७. थेंब एका जादूई स्फटिकावर पडला होता. काम स्फटिकाने केलं. २००६ मध्ये नायट्रो या खलनायकाने घडवलेल्या स्फोटात सांगाड्यापर्यंत जळून तो परतला, ते मात्र त्याचं स्वतःचं. वादात हेच वापरा, पुरेसं आहे.

प्रश्न : पुलावरून पडलेल्या ग्वेन स्टेसीला, स्पायडरमॅनच्या प्रेयसीला, त्याच्या जाळ्यानेच मारलं, की ती आधीच मेली होती? इतक्या वर्षांनी तरी सांगा.

उत्तर : ‘अमेझिंग स्पायडरमॅन’चा १९७३ चा १२१वा अंक. जाळं पायाला चिकटतं आणि मानेजवळ ‘स्नॅप’ असा बारीक आवाज लिहिलेला आहे. पुढे १२५व्या अंकाच्या पत्रांच्या पानावर संपादकांनीच सांगितलं, की अचानक थांबल्याच्या झटक्याने मान मोडली. त्यामुळे निकाल लागलेला आहे.

गणित मात्र करण्यासारखं आहे, कारण पूल कोणता तेच पक्कं नाही. संवादात जॉर्ज वॉशिंग्टन पूल म्हटलंय, चित्र ब्रुकलिन पुलाचं आहे. ब्रुकलिन पुलाचा मनोरा पाण्यापासून ८४ मीटर, जॉर्ज वॉशिंग्टनचा १८४ मीटर. हवेचा विरोध सोडला आणि ती जवळजवळ पाण्यापर्यंत पडली असं धरलं, तर वेग पहिल्यात ताशी १४६ किलोमीटर, दुसऱ्यात २१६. अर्ध्या सेकंदात थांबवलं तर पहिल्या पुलावरही शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट ताण येतो, दुसऱ्यावर तेरापट. पाय धरलेला, डोकं खाली लोंबतं, मानेला आधार काहीच नाही. बसायच्या आसनाला बांधलेला वैमानिक नऊपट सोसतो म्हणून ग्वेनलाही सोसेल असं म्हणणाऱ्यांनी हा तपशील बघावा.

वाचवायचं कसं? वेग कमी होण्याचा दर गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट एवढाच ठेवायचा तर ब्रुकलिन पुलावर जाळं सुमारे २८ मीटर ताणत जायला हवं होतं. बंजीचा दोर हेच करतो. किंवा तिच्या मागोमाग स्वतः उडी मारायची, वेग जुळवून कमरेला धरायचं आणि मग झोका घ्यायचा.

प्रश्न : जादू हा सुपरमॅनचा कच्चा दुवा. म्हणजे कोणताही जादूगार त्याला मारणार?

उत्तर : क्रिप्टोनाइट त्याला विष आहे, जादू विष नाही. जादूपुढे त्याची अभेद्यता चालत नाही, एवढंच. जादूची वीज त्याला भाजेल, पण ती वीज त्याच्यावर पडली तरच. मंत्र म्हणायला दोन सेकंद लागणारा जादूगार आणि सुपरमॅन यांच्यात दोन सेकंदांत काय होतं ते आधी ठरवा.

प्रश्न : हल्कला थोरचा हातोडा उचलता येत नाही. मग हातोड्याचं वजन डोंगरापेक्षा जास्त धरायचं का?

उत्तर : हातोड्यावरच लिहिलं आहे, जो लायक असेल त्याला थोरची शक्ती मिळेल. वजनाचा संबंध नाही. कॅप्टन अमेरिकेने १९८८ मध्ये ‘थोर’ अंक ३९० मध्ये तो उचलला. ‘जेएलए/अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये सुपरमॅनने तो लढाईत चालवला, कारण थोरचा बाप ओडिन याने तेवढ्यापुरती अट शिथिल केली होती, लढाई संपल्यावर त्याने पुन्हा प्रयत्न केला तेव्हा हातोडा जागचा हलला नाही. तुमच्या तक्त्यात यासाठी टनांचा रकाना वापरू नका. वेगळा रकाना करा आणि त्यात फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहा. सुपरमॅनच्या पुढे ‘एकदा, परवानगीने’.